कोणच्या देवतेला

दारावर बोटानं दोनदा टकटक करायची, एक श्वास थांबायचं आणि मगच कडी काढायची. आत माणूस कुणी नसायचं. ससे असायचे, नाहीतर पांढरे उंदीर. तरी डॉक्टरअक्का टकटक केल्याशिवाय कधी आत गेल्या नाहीत. वर हळूच म्हणायच्या, "आम्ही येतों हो."

पहिल्या दिवशी मी तोंडाला पदर लावून हसले. म्हटलं, "अक्का, उघडणार कोण?"

"उघडणार कोण्ही नाही. पण एकाएकीं दार उघडलें तर तुझ्या पोटांत धस्स होतें कीं नाही? त्यांच्याही होतें. पोट तेंच."

असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. रस्त्यात भेटलं तर वळून बघावं असं त्याच्यात काही नसतं, पण ते बंद दारापुढं कसं उभं राहतं हे एकदा पाहिलं की विसरत नाही. अक्का ठेंगण्या होत्या. केस पांढरे, सुती साडी, साडीवर कोट आणि चष्म्याच्या काचा कायम थोड्या वाफाळलेल्या. तंजावूरच्या एका कॉलेजात औषधांचं संशोधन चालतं, तिथलं प्राणिगृह त्या सांभाळायच्या. शिक्षणानं जनावरांच्या डॉक्टर. मी त्यांच्या हाताखाली पिंजरे धुवायची.

मी सांगली जिल्ह्यातल्या कोरड्या भागातली. आमच्याकडची माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामात, कुठं कुठं पांगलेली आहेत. माझे मालक तसेच तंजावूरला आले आणि लग्नानंतर मीही आले. सातवीत शाळा सुटलेली. तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. भाजीवालीपुढं बोटं नाचवायची आणि घरी येऊन रडायचं, असं पहिलं वर्ष गेलं. एक दिवस टाउन बसमध्ये उभ्या उभ्या मी स्वतःशीच पुटपुटले, "आता कुठं उतरायचं गं बाई?"

पुढच्या सीटवरची बाई मागं न बघताच म्हणाली, "राजवाड्यापाशीं उतर. येथें नको, पुढें."

मला वाटलं, मला भास झाला. वारा मराठी बोलला असं वाटलं. बस हलत होती, खिडकीतून मोठ्या देवळाचं शिखर हळूहळू मागं सरकत होतं आणि त्या बाईच्या अंबाड्यातलं कनकांबराचं फूल बोलतंय असं मला दिसत होतं. त्या अक्का होत्या. राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत मराठी बोलणारी घरं आहेत, मराठ्यांचं राज्य होतं तेव्हापासूनची. त्यांचं मराठी आपल्यासारखं नाही. शब्द जुने, चाल तमिळ. बोलणं संपताना आवाज असा वर जातो की साधं "जेवलीस" म्हटलं तरी प्रश्न वाटावा. पण मला त्या दिवशी ते माझ्या आईचंच वाटलं. महिन्याभरात त्यांनी मला कामाला लावून घेतलं. मी अजून सकाळी उठले की आधी हे आठवतं की मला काम आहे. मग चूळ भरते.

प्राणिगृह म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं मला माहीत आहे. माझ्याही तेच आलं होतं. पण तिथं शांत असायचं. पिंजऱ्यात घालायला भाताचं तूस वाफेच्या मोठ्या यंत्रातून काढलं की सगळ्या वाटेवर नुकत्या उतरवलेल्या भाताचा वास यायचा. कोपऱ्यात रेडिओ बारीक आवाजात चालू असायचा. सशांना आवाजाची सवय असली की बाहेर कुठं भांडं पडलं तरी ते दचकत नाहीत, असं अक्का सांगायच्या. त्यामुळं तिथले ससे नादस्वर ऐकत कान पाडून बसलेले असत. एका खोलीत तर दिवसा रात्र असायची. उंदीर रात्री जागे असतात, म्हणून त्यांची रात्र आपल्या दुपारी आणलेली. आत नुसता तांबडा दिवा. बाहेर उन्हानं डांबर मऊ झालेलं, आणि आत त्या तांबड्या अंधारात शेकडो लहान पायांची खुसखुस. मी तिथून बाहेर आले की मला कळायचं नाही, मी जागी झाले की झोपले.

मी भित्री. पिंजऱ्याची कडी लावली तरी परत जाऊन बघायची. परत बघायची. अक्कांनी एकदा मला धरलं. म्हणाल्या, "कडी तीनदां पाहिलीस. चवथ्यांदा गेलीस तर कडीच तुज पाहील."

त्यांची एक खोड होती. तिथं एक मोठं रजिस्टर असायचं. कुठला ससा कधी आला, त्याला काय दिलं, शेवटी काय झालं. शेवटच्या रकान्यात इंग्रजीत छापलेलं असायचं, त्याचा अर्थ 'बळी दिला'. सगळ्या संशोधनात तसंच लिहितात म्हणे. अक्का प्रत्येक पानावर तो छापील शब्द पेनानं खोडायच्या आणि वर इंग्रजीतच लिहायच्या, 'मारला'. नवे विद्यार्थी हसायचे. एक जण म्हणाला, "मॅडम, छापून येतं तेव्हा हाच शब्द लागतो." त्या म्हणाल्या, "छापतेवेळीं लाव. येथें आपण दोघेंच आहोंत आणि ससा आहे. सशाला तर ठाऊकच आहे."

कुणी बारा ससे मागितले की अक्का त्याला स्टुलावर बसवायच्या आणि विचारायच्या, "सहांत होईल तें बारांत कशास?" तास तास चालायचं. बिचारा उठायचा तेव्हा आठवर आलेला असायचा. माझ्या मनात यायचं, ते चार ससे आता जन्मालाच येणार नाहीत, हे त्यांच्यावर उपकार की काय? मी असलं काही विचारलं की त्या म्हणायच्या, "हें मजही ठाऊक नाही," आणि ते इतक्या मोकळेपणानं म्हणायच्या की मला माझ्या सातवीची लाज वाटायची नाही.

मारायचं काम त्या दुसऱ्या कुणाला देत नसत. वेगळ्या खोलीत, एकेकाला, दार लावून. इतरांना वास लागू नये म्हणून. ठरलेल्या इंजेक्शननं ससा आधी झोपायचा, मग जायचा. तोवर अक्कांचा हात त्याच्या पाठीवर. "सावकाश. घाई नाही," एवढंच. मग हात धुऊन मागच्या पायरीवर जाऊन बसायच्या. पलीकडं भाताची खाचरं होती, पाण्यात आभाळ पडलेलं असायचं, त्यात बगळे उभे. दहीभाताचा डबा मांडीवर तसाच. "जेवा ना अक्का," म्हटलं की, "जरा वेळानें."

आता मी माझं सांगते. मी काय काम करते हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशीच ऑफिसातल्या माणसानं बजावलं होतं, बाहेर कुणी विचारलं तर नुसतं 'कॉलेजात' म्हणायचं. कोट धुवायचं कामही माझ्याकडंच होतं, म्हणून मी सासरी सांगितलं, लाँड्रीत आहे. गल्लीतही तेच. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. गंमत अशी की आमच्या गावात यात्रेला बोकड कापतात, चारचौघांत, आणि कुणी दार लावून घेत नाही. मला कापण्याची भीती नव्हती. दार लावण्याची होती. जे दार लावून करतात ते वाईटच असणार, असं आपल्याला वाटतं की नाही?

आणि गंमत म्हणजे अक्कांचंही तसंच होतं. राजवाड्याजवळच्या मराठी घरांना एवढंच ठाऊक होतं की ही जनावरांची डॉक्टर. त्यांना वाटायचं, गाईम्हशी, कुत्री. अक्कांनी कधी खोटं सांगितलं नाही आणि कुणी कधी पुढं विचारलं नाही. अक्का एकट्या. नवरा नाही, मूल नाही. ही पंचवीस-तीस घरं हाच त्यांचा गोतावळा. वर्षातून एकदा सगळे मिळून देवाच्या नावानं जेवण घालतात, त्याला समाराधना म्हणतात. त्या दिवशीचं सार अक्कांनी करायचं. तीस वर्षं. मोठ्या पितळी पातेल्यापुढं कोट नसलेल्या अक्का मी एकदाच पाहिल्या. कपाळावर घाम, गालावर चुलीचा उजेड. मला म्हणाल्या, "वर्षांत हा एक दिवस मी कोण्हाची तरी आहें असें वाटतें." म्हणून मी सांगते, पुढं जे झालं ते त्यांच्यासाठी लहान नव्हतं.

झालं असं की लोकांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ फिरायला लागला. कुठल्यातरी देशातली माकडं, पिंजऱ्यात, डोक्याला पट्ट्या. खाली तमिळमध्ये कुणी लिहिलेलं, हे आपल्याच गावात चालतं. आमच्याकडं माकडं नव्हतीच. पण ऑफिसनं ठरवलं, कुणी काही बोलायचं नाही. फाटकावरची प्राणिगृहाची पाटी रातोरात पांढरी झाली. सकाळी अक्का त्या पांढऱ्या पाटीपुढं बराच वेळ उभ्या राहिल्या, जणू तिच्यावर काहीतरी बारीक लिहिलं आहे.

"पाटी पुसली म्हणजे पिंजरे रिकामे झाले कीं?" त्या म्हणाल्या. "मी आपल्या माणसांना सांगेन. कॉलेजाचें नाव घेत नाही, माझें मीच सांगतें. त्याला कोण्हाचा कागद लागत नाही."

मी घाबरले. "अक्का, साराचं काय?"

त्यांनी पाटीकडं पाठ केली. मग म्हणाल्या, "तूं मज शब्द दे."

त्यांचं मराठी घरातलं. त्यात फोडणी होती, नाती होती, रागलोभ होते. संशोधनाला शब्द नव्हता. इंग्रजीत सांगितलं तर ऑफिस बोलतंय असं वाटेल, तमिळमध्ये सांगितलं तर रस्ता. घरच्यांना घरच्या भाषेत सांगायचं, आणि चांगल्या शब्दांत सांगायचं, हा त्यांचा हट्ट. "तुझें मराठी तिकडचें. पुस्तकांतलें. मज भारी शब्द हवेत."

सातवी झालेल्या बाईला कुणी भारी शब्द मागितले तर काय होतं, विचारा. मी फुगले. दोन दिवस दुसरा विचार केला नाही. औषध देऊन पाहतात त्याला म्हणतात 'प्रयोग', हे मला शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातून आठवलं. आणि रजिस्टरातल्या त्या छापील शब्दाला मी सांगितलं, 'बळी'. अक्का थबकल्या. "मारणें नको?" मी म्हटलं, "ते सभेत बरं दिसत नाही, अक्का." आयुष्यभर तो शब्द खोडणारी बाई त्या दिवशी माझं ऐकून गेली. त्यांना देवनागरी वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी तमिळ अक्षरांत चिठ्ठी लिहिली. मोठ्यानं वाचून दाखवली तेव्हा त्यात 'पिरयोग' होता. मी म्हटलं, चालेल.

रविवारी या मराठी घरांच्या छोट्या सभागृहात भजन असतं. दुपारचं ऊन जाळीतून आत येऊन जमिनीवर सांडलेलं. पंखे संथ. भजन संपलं, माणसं पेंगुळलेली, हातात प्रसादाची केळी. अक्का उठल्या. मी शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून होते. त्यांनी चिठ्ठी उघडली आणि वाचलं, "आमच्या येथें सशांवर आणि उंदरांवर प्रयोग केला जातो. प्रयोग संपला कीं त्यांचा बळी दिला जातो."

एकही केळं पुढं सरकलं नाही.

पुढच्या ओळीत एक म्हातारे गृहस्थ बसायचे. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलेले, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांच्या हातात अजून टाळ होते. त्यांनी ते हळूच खाली ठेवले आणि अगदी मनापासून विचारलं, "कोणच्या देवतेला?"

अक्कांना कळेना. "काय?"

"बळी कोणच्या देवतेला देतां? आणि प्रयोग कोणचा? वाध्यार बोलावतां, कीं तुम्हीच करतां?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांच्याकडं वाध्यार म्हणजे भटजी, आणि प्रयोग म्हणजे पूजाविधीची पद्धत, नाहीतर करणीचा प्रयोग. विज्ञानाच्या पुस्तकातला प्रयोग या सभागृहात कधी आलाच नव्हता. आणि बळी म्हणजे देवीपुढचा बळी, दुसरा नाहीच. मामांच्या शेजारच्या मामी, ज्या समाराधनेचं स्वयंपाकघर बघतात, त्यांनी छातीला हात लावला. "अय्यो! कॉलेजांत करणी?"

"थांब गे," मामा म्हणाले. ते विचारात पडले होते. "शास्त्रांत बोकड आहे. कोहळा आहे. ससा मीं कोठें वाचला नाही. कोहळा चालत असतां ससा कशास?"

अक्का आधी हसल्या. पोट धरून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईतो. सगळे बघत राहिले. मग त्यांनी चिठ्ठीची घडी केली, तिची आणखी घडी केली आणि ती कमरेला खोचली. आणि त्या तीस वर्षांच्या त्यांच्या आवाजात, साराला मीठ किती ते सांगावं तसं, बोलायला लागल्या.

"देवता नाही, मामा. शब्द चुकला. मी सांगतें. नवें औषध माणसाला द्यायच्या आधीं तें सशाला, उंदराला देऊन पाहतात. मग त्याला मारून आंत काय झालें तें पाहतात. मी तेथें त्यांना सांभाळतें. आजारी पडले तर बरें करतें. आणि मारतेंही. ह्याच हातांनीं."

मामी त्या हातांकडं बघत होत्या. मला वाटतं, सगळेच बघत होते.

"आणि कोहळ्याचें तुम्ही बरें विचारलेंत," अक्का मामांना म्हणाल्या. "कांचेंत वाढवलेल्या पेशी असतात, संगणक असतो. तो आमचा कोहळा. जेथें तो चालतो तेथें ससा घ्यायचाच नाही. पुष्कळ ठिकाणीं चालतो. कांहीं ठिकाणीं अजून चालत नाही."

कुणीतरी मोबाइल वर केला. "हीं माकडें?"

"तीं आमचीं नव्हत. पण तेवढें सांगून मी सुटतें असें नाही."

मामींनी विचारलं, "दुखतें कीं त्यांना?"

सगळ्या डोळ्यांत एकच मागणी होती, नाही म्हण. मीही मनात म्हणत होते, अक्का, नाही म्हणा. एवढं एक म्हणा.

"कधीं दुखतें," अक्का म्हणाल्या. "बहुतेकदां औषध देतों, मग कमी होतें. सगळ्या वेळीं नाही."

"आणि निघतें काय त्यांतून? बरें होतें कोण्ही?"

"ह्या वर्षीं कांहीं निघालें नाही. औषध चाललें नाही."

"म्हणजे ते ससे फुकट गेले?"

अक्का म्हणाल्या, "फुकट म्हणवत नाही. कामी आले असेंही म्हणवत नाही. तें औषध माणसाला देऊं नये, एवढें कळलें. पुढें एखादें चांगलें औषध निघेलही. तेव्हां मी तुम्हांस मोठ्यानें सांगायला येईन असें नाही, कारण मग ह्या वर्षींचे ससे कोण सांगणार?"

त्यांनी औषधाच्या नावानं कुणाचं तोंड बंद केलं नाही. मामींच्या गुडघ्याच्या गोळ्या त्यांना ठाऊक होत्या, मामांचं रक्तदाबाचं ठाऊक होतं. एक शब्द काढला नाही. मी असते तर काढला असता.

मग मामींनी अगदी हळू विचारलं, "सार करायच्या दिवशीं तूं मारून येत होतीस?"

"नाही. दोन दिवस आधींपासून मारीत नसें."

"कां?"

"तें मजही ठाऊक नाही, मामी."

मामींची नजर फिरत फिरत भिंतीपाशी आली. "आणि ही तुझी मराठी पोरगी? हीही तेथेंच कीं?"

सगळी डोकी वळली. मी म्हणाले, "नाही, मी लाँड्रीत. मी कोट धुते."

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. टकटक करूनही एखादा ससा कोपऱ्यात सरकतो ना, त्याच्याकडं बघावं तसं.

येताना स्कूटरवर मी त्यांच्या मागं होते. कालव्याच्या कडेनं, शेतं सोनेरी झालेली, मला सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं दिसत होतं. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "आज पुष्कळ धुतलेंस."

मी त्यांच्या पाठीला डोकं टेकलं. आणखी थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "भिऊं नको. मजही तीस वर्षें लागलीं."

समाराधनेला पंधरा दिवस होते. मामींचा निरोप आला, 'तुझे हात आतां दुखत असतील. यंदा सार दुसरी करील, तूं विसावा घे.' अक्कांनी तो फोनवर दोनदा ऐकला. म्हणाल्या, "पाहा, त्यांनाही गोड शब्द सांपडला." आणि चष्मा पुसत बसल्या. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

त्या उन्हाळ्यात अक्का निवृत्त झाल्या आणि समुद्राकाठी धाकट्या बहिणीकडं गेल्या. पुढच्या थंडीत झोपेतच गेल्याचं कळलं. त्यांच्या हातचं सार पुन्हा कुणाला मिळालं नाही. प्राणिगृहात आता दुसरे डॉक्टर आहेत, चांगले आहेत. रजिस्टरातला शब्द छापलेला आहे तसाच राहतो. मी खोडत नाही, माझा अधिकार नाही. नव्या मुली कामाला येतात, त्यांना मी टकटक करायला शिकवते, का ते सांगते, आणि कुणी विचारलं तर आपलं काम काय सांगायचं तेही सांगते.

पण अक्का आठवल्या की मला ती शेवटची समाराधनाच दिसते. त्या तिथं गेल्या. मी म्हटलं होतं, नका जाऊ. त्यांना स्वयंपाकघराबाहेर केळीची पानं पुसायला बसवलं. एकेक पान ओल्या फडक्यानं पुसून त्या रचत होत्या आणि त्यांनी पुसलेल्या पानांवर सगळा गोतावळा जेवत होता. ते कुणाच्या लक्षात आलं नसावं, किंवा आलं असेल. वाढायला माणसं कमी होती, मला भाताचं भांडं दिलं.

पंगती उठत गेल्या. शेवटच्या पंगतीला अक्का एकट्या बसल्या. लांबच लांब चटई, एका टोकाला त्या, पुढं एक पान. जाळीतलं ऊन भिंतीवर चढलेलं. तेवढ्यात मामा आले, हातात आपलं पान घेऊन, आणि त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले. "उशीर झाला मज," म्हणाले. पहिल्या पंगतीपासून ते बाहेरच्या पायरीवर बसलेले मी पाहिले होते. त्यांना दोनदा बोलावलं, तेव्हा भूक नाही म्हणाले होते.

मी भात घेऊन गेले. मामांनी मान वर केली. "कोट धुणारी ना तूं?"

भांडं माझ्या हातात जड झालं. अक्का पानाकडं बघत होत्या, मदतीला आल्या नाहीत. मी म्हणाले, "नाही मामा. पिंजरे धुते. सशांचे. कोटही धुते."

"बरें," ते म्हणाले. "वाढ. थोडा."

दोघं जेवायला लागले. मामांनी साराचा घोट घेतला, क्षणभर तोंडात धरला आणि अक्कांकडं वळून म्हणाले, "मीठ कमी पडलें कीं गे."

"मज काय सांगतां, मामा? करणारीला सांगा."

"हो, हो," मामा ओशाळले. "जीभ आपली शेजारीं वळली."

स्वयंपाकघराच्या दारात मामी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं असावं. त्या आत गेल्या आणि मिठाचं भांडं घेऊन गुडघा धरत धरत त्या लांब चटईवरून चालत आल्या. मामांच्या पानावर चिमूटभर मीठ ठेवलं. पुढं झाल्या, थांबल्या. मग अक्कांच्या पानाच्या डाव्या कोपऱ्यात, जिथं वाढायचं असतं तिथंच, वाकून एक चिमूट ठेवली, आणि आत निघून गेल्या.

अक्कांनी ते मीठ सारात घातलं नाही. बोटाच्या टोकावर थोडं थोडं टिपून, नुसत्या भाताबरोबर, अगदी सावकाश खात राहिल्या. मामा केव्हाच उठले, मी पानं गोळा करायला लागले, तरी त्या खातच होत्या.